कामणच्या चढावरची जीप

"निघाली! निघाली भायेर!" असं ओरडत गंगाराम भगताने जीपच्या टाकीचं झाकण उचललं, तेव्हा कामणच्या पुढच्या चढावर निम्मं गाव जमलं होतं. आवाज सगळ्यांनीच ऐकला. फुस्स्स... कुणीतरी दात आवळून श्वास ओढावा तसा. बायकांनी पदर तोंडाला लावले. भगताने खूण केली, जीपचा मालक काशीराम याने किल्ली फिरवली, आणि एवढा वेळ मढ्यासारखी पडलेली जीप दोन-तीन आचके देऊन सुरू झाली.

"बंद कर! आजून काम बाकी हाय," भगत गरजला. "बाळंतपनात मेलेली बाय कुठं दडनार? पोटात! गाडीचं पोट म्हंजे टाकी. आता भायेर काढली, पन तान्ही पोर हितं असंपर्यंत ती परत येनार."

लोकांनी माना डोलावल्या. डोलावण्याला अक्कल लागत नाही.

ती बाय म्हणजे काशीरामची बायको मीरा. कामण नाक्यावर माझा दवाखाना आहे, तिला मी नऊ महिने तपासलं होतं. माघात एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या, रक्त जास्त जात होतं, म्हणून काशीराम तिला स्वतःच्या जीपमधून वसईच्या हॉस्पिटलात न्यायला निघाला. या चढावर जीप बंद पडली. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. मीरा जीपमध्येच बाळंत झाली आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत संपली. मुलगी तेवढी जगली.

तोवर जीप नाक्यापलीकडे फारशी गेलीच नव्हती; त्यानंतर मात्र वसईला निघालं की ती याच चढावर थांबायची. काशीरामने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, फिल्टर नवा टाकला. गोखिवऱ्याच्या गॅरेजवाल्याने पंप तपासला, पाइप फुंकून पाहिला आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. गाडी ठणठणीत, मग बिघडलं कोण? उत्तर भगताच्या जिभेवर तयारच होतं. मीरा.

आणि आज उपाय ठरला होता. चढाच्या कडेला तीन दगडांची चूल पेटली होती, तिच्यात विळा तापत होता. मुलीच्या पोटावर त्याचा डाग द्यायचा, म्हणजे आईचा जीव लेकीतून सुटेल आणि जीप धावेल. पोर तीन महिन्यांची. मीराची आई सुशीला तिला छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसली होती. सकाळी तीच दवाखान्यात धावत आली होती. "बाय, माज्या नातीला डागनार हायत," एवढंच बोलली आणि माझ्या हाताला धरून मला बॅगेसकट ओढतच बाहेर घेऊन आली.

माझं डोकं तापलं होतं, पण नुसत्या तापलेल्या डोक्याने ती पोर वाचणार नव्हती. गाव भगताचं ऐकत होतं आणि काशीराम गावाचं.

"काशीराम, पोरीला हात लावलास तर मी पोलिसांत जाईन."

"जावा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माजी बायको अशी रस्त्यावर भटकते, ती काय पोलीस सोडवनार?"

मी भगताकडे वळले. "या रस्त्याने भिवंडीचे ट्रक दिवसभर जातात. ते कसे थांबत नाहीत?"

"ते परमुलखातले. तिला वळखीची मानसं लागतात."

"थॉमसचा भाजीचा टेम्पो रोज जातो. थॉमस तर ओळखीचा आहे."

"तो किरिस्ताव. त्याच्या गाडीत ती पाय ठेवनार नाय." वर हसून म्हणाला, "भुताला पन धरम असतो, बाय!"

लोक हसले. विळा लाल व्हायला लागला होता.

"मग गावातल्या कुणाच्या गाड्या थांबतात?"

काशीरामची जीप आणि आणखी दोन गाड्या, असं गर्दीतून कुणीतरी सांगितलं. त्या दोन गाड्यांच्या मालकांनी मीराच्या भीतीने भगताकडून बंधन घेतलं होतं, तरी थांबतात. काशीरामने तर दसऱ्यालाच घेतलं होतं, जीप घेतली तेव्हाच.

"बंधन म्हणजे काय करतात?"

काशीरामने टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. मधोमध शेंदूर आणि मेण यांचा जाड टिळा थापलेला होता. "तितं बारीक भोक व्हतं. भुताची वाट तीच, म्हनून भगतानी बुजवली."

भोक बुजवलं. मी त्या टिळ्यावर बोट दाबून पाहिलं. मी रोज दवाखान्यात जे करते त्याच्या बरोबर उलटं इथे कुणीतरी करून ठेवलं होतं.

बॅगेत सलाईनची काचेची बाटली होती. ती मी जीपच्या ताडपत्रीच्या दांडीला उलटी टांगली, नळी जोडली आणि खाली सोडून दिली. पाणी आधी धावलं, मग थेंब थेंब आलं, मग थांबलं. बाटली जवळजवळ भरलेलीच होती.

"का थांबलं? हिच्यात पण मीरा शिरली का?"

मग सुशीला बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "बाय, ती दुसरी सुई टोचायची राहिली."

आमच्या गावात सलाईन न चढलेलं घर सापडणार नाही. बाटलीला दोन सुया लागतात हे उशाशी बसणारी प्रत्येक बाई जाणते. एकीतून पाणी उतरतं, दुसरीतून हवा आत जाते. मी दुसरी सुई टोचली. बाटलीत बुडबुडे चढले आणि पाणी पुन्हा वाहू लागलं.

"टाकीचं तेच आहे," मी म्हणाले. "जेवढं पेट्रोल इंजिनाकडे जाईल तेवढी हवा आत यायला हवी, म्हणून झाकणाला भोक. ते बुजवलं की थोडा वेळ चालतं, मग टाकी पेट्रोल सोडत नाही. नाक्यापर्यंत कळत नाही. लांब निघालात आणि चढावर इंजिनाला जास्त लागलं, की बंद. झाकण उघडल्यावर जो आवाज येतो तो कुणी बाहेर जाण्याचा नाही. हवा आत घुसण्याचा आहे."

"खोटं!" भगत किंचाळला. "गाडी थांबल्यावर माज्याबिगर कुनी झाकनाला हात लावला तर रगत वकंल!"

इतके दिवस झाकण कुणी का उघडून पाहिलं नाही, त्याचं उत्तर या एका वाक्यात होतं. मी सुईने टिळा खरवडून भोक मोकळं केलं. "काशीराम, डाग न देता वसईला जाऊन ये. थांबलास तर भगत खरा."

तो गेला. आम्ही उन्हात वाट पाहत राहिलो. चुलीत लाकडं सारायचं कुणाला सुचलं नाही. जीप परत आली, न थांबता चढ ओलांडून. भगत म्हणाला, "आज तिचा वार नाय."

काशीराम उतरला, भगताच्या ताटातला शेंदूर आणि मेण उचललं, स्वतःच्या अंगठ्याने भोक घट्ट बुजवलं आणि गावाकडे एक चक्कर मारून यायला गेला. या खेपेला परतताना जीप चढाच्या तोंडाशी आचके देऊन थांबली. त्याने कुणाची वाट पाहिली नाही. झाकण उघडलं. फुस्स्स. तो रक्त ओकला नाही. किल्ली फिरवली आणि जीप सुरू झाली.

मागे वळून पाहिलं तेव्हा गंगाराम भगत ताट तिथेच टाकून शेताच्या बांधाने चालू लागला होता. भोकाचं विज्ञान त्याला ठाऊक नसावं. ज्या गाडीचं भोक आपण बुजवतो ती चढावर अडते, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला अडवायचं कुणाला भान नव्हतं, कारण सगळे काशीरामकडे बघत होते.

तो इंजिन बंद करून माझ्यासमोर उभा राहिला. "बाय, त्या दिशी मी नुसतं झाकन उघडलं असतं तर?"

पेशंटच्या माणसांशी मी पुष्कळदा गोड बोलले आहे. त्या दिवशी बोलता आलं नाही.

"गाडी सुरू झाली असती."

"आनि मीरा?"

"हॉस्पिटलात पोचली असती. बहुधा वाचली असती."

तो जीपच्या चाकाला टेकून खाली बसला आणि अंगठ्यावरचा शेंदूर लुगड्या-धोतराच्या त्या गर्दीसमोर मातीत घासत राहिला. शेंदूर काही निघत नव्हता. मला त्याची दया आली, आणि त्याच्या भोवती मुकाट उभ्या राहिलेल्या त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. दसऱ्याला याच लोकांनी त्या बंधनाचा नारळ खाल्ला होता.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगते. गाडी अडली तर कारण गाडीत शोधा, माणूस आजारी पडला तर माणसात शोधा. जे उघडून पाहू नका म्हणून कुणी बजावतो, ते आधी उघडून पाहा. चुकलात तर फार तर हात काळे होतील. न पाहिल्याची किंमत मीराने दिली, आणि तिची लेक ती थोडक्यात देणार होती.

सुशीला उठली. तिने चुलीवर माती लोटली, विळा उचलून लांब भिरकावला आणि नात खांद्यावर घेतली. जाताना ती त्या निम्म्या गावासमोर थांबली.

"तीन महिने माज्या लेकीला भूत म्हनलात," ती म्हणाली. "माजी मीरा कुनाची वाट अडवत नवती. तिचीच वाट तुमी बुजवली व्हती."