काचेचा एक दाणा

सकाळी साडेसातला मठाच्या शेडमधल्या गाडीवरचा भगवा कपडा ओढला गेला आणि अंगणात जमलेल्या चारशे माणसांनी एकदमच श्वास घेतला. गावपुढारी भगवानरावांच्या गाडीची मागची काच जागेवर होती. अख्खी, ओरखडासुद्धा नसलेली. तीनच दिवसांपूर्वी या काचेचा भुगा याच लोकांनी आपल्या हातांनी वेचून टोपल्यात भरला होता. आता ते टोपलं गाडीशेजारी रिकामं पडलं होतं आणि नागनाथबाबा एका पायावर उभे राहून डोळे मिटून हसत होते. बायकांनी काचेला हळदकुंकू लावलं. एका आजोबांनी तर वायपरलाच नमस्कार केला.

ताडकळसपासून चार किलोमीटरवरच्या त्या गावात अशी गाडी पहिलीच. धड जीप नाही, धड कार नाही. उंच, रुंद आणि परदेशी बनावटीची. भगवानराव तिला क्रॉसओव्हर म्हणायचे. गावाच्या जिभेवर त्याचं 'कासव' झालं आणि गाडीचा पाठीमागचा फुगवटा पाहता ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. हे कासव मठाच्या दारात मागे घेताना गाडीत बाबांचं भजन इतक्या मोठ्यानं लावलेलं होतं की मागचा सावध करणारा आवाज ड्रायव्हरला ऐकूच आला नाही, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली लोखंडी सळई काचेत घुसली. काच एका क्षणात ज्वारीच्या दाण्यांसारखी खाली ओघळली.

दुसरा कुणी असता तर त्यानं काचवाल्याला फोन केला असता. भगवानरावांनीही केला, पण तो नंतर, मठाच्या आतल्या खोलीतून. आधी बाबा बाहेर आले. त्यांनी भुग्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि गर्दी त्यांना जास्त आवडली असावी. दाणा न् दाणा वेचा म्हणाले, एक जरी कमी पडला तरी तेवढं भोक राहील. गाडी शेडमध्ये झाका, तीन दिवस कुणी कपडा उचलू नका. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून एक मोठी चपटी लाकडी पेटी आली. आत श्रीयंत्र आहे असं सांगण्यात आलं. गावातल्या चार तरण्या पोरांनी चपला काढून ती खांद्यावरून आत नेली, आणि वाटेत बायकांनी तिच्यावर फुलं टाकली.

योगिनी दहाच्या बसनं उतरली तेव्हा शाळेत एकतीसपैकी सहाच मुलं होती. बाकीची देव बघायला गेली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही बाई परभणीची, बोलायला फटकळ, आणि गावाच्या मते जरा जास्तच शिकलेली. ती मुलांना आणायला मठात गेली आणि मांडवात बायनाबाईच्या मांडीवर अर्पिताला पाहून तिथंच थांबली.

अर्पिता चौथीतली. आईवडील पुण्यात कंपनीत, पोर आजीजवळ, बायनाबाईजवळ. काल संध्याकाळी पेरूच्या झाडावरून पडली आणि उजवा हात कोपराच्या वर मोडला. ताडकळसच्या डॉक्टरांनी पट्टी लावून हात जपून बांधला होता आणि सकाळीच परभणीला न्या, ऑपरेशन लागेल असं बजावलं होतं. बायनाबाई सकाळी निघालीही होती. वाटेत मठ लागला आणि मठात काच सांधलेली होती. बाबांनी डॉक्टरांची पट्टी सोडून फेकून दिली, बांबूच्या चार कामट्या लावल्या आणि काळ्या कापडानं हात असा आवळला की पोर तीनदा किंचाळली. काचेचा तोच नियम हाताला. तीन दिवस झाकायचा, उघडायचा नाही.

योगिनीनं कापडाबाहेर आलेली बोटं हातात घेतली. ती थंड होती. नखं निळसर झाली होती. बोट हलव म्हटलं तर अर्पिताला हलवता येईना, आणि योगिनीनं हलकेच सरळ करून पाहिलं तर तिनं ओरडायलाही ताकद न उरल्यासारखं नुसतं तोंड उघडलं. योगिनीनं ताडकळसच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. आधी ते कापड सोडा म्हणाले, मग बोला; रक्त बंद झालंय, संध्याकाळपर्यंत हात हातचा जाईल.

"आजी, गाठ सोडा," योगिनी म्हणाली. "लेकराचा हात मरायलाय."

बायनाबाईनं नातीला आणखी जवळ ओढलं. तिचा एक हात सारखा पदराच्या गाठीकडे जात होता. "न्हाई बाई. तुमी शिकल्या-सवरल्या मान्सं, पर म्या ह्या डोळ्यानं काच बगितली. भुगा झाल्ता तिचा. जो काच सांधतो त्याला हाड काय जड हाय? ह्यात आता हात घातला तर लेकराचा हात जाईल, आन् जिम्मा माझ्यावर."

बोलण्यात अर्थ नव्हता हे योगिनीला कळलं. या बाईच्या आणि त्या काळ्या कापडाच्या गाठीच्या मध्ये काच उभी होती. काच फुटल्याशिवाय गाठ सुटणार नव्हती. तिला बाबांचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या चकचकीत गाडीचा आला. दर्शनाची रांग मोडून ती गाडीमागे जाऊन उभी राहिली.

काचेवर पांढऱ्या रेडियमच्या अक्षरांत लिहिलं होतं: आई-वडिलांचा आशीर्वाद.

तिनं ते दोनदा वाचलं. दसऱ्याला गाडी गावात आली तेव्हा भगवानरावांनी ती शाळेसमोर उभी करून मुलांना पेढे वाटले होते, आणि अर्पितानं पेढा खाता खाता सगळ्यांदेखत सांगितलं होतं की काका, आशीर्वादातला शी दीर्घ असतो, तुमचा ऱ्हस्व हाय. भगवानरावांनी पोरीला दटावलं होतं. योगिनीनं मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाकडून तो शब्द दहा वेळा लिहून घेतला होता. त्या दिवशीचा मुलांचा गाडीसोबतचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता, ऱ्हस्व शि सकट.

तिनं फोटो वर धरला आणि मोठ्यानं विचारलं की तीच काच सांधली असेल तर तिच्यावरची चूक कुठं गेली. पुढची चार माणसं पुढं वाकली. फोटो बघितला, काच बघितली.

बाबांनी डोळे उघडले. हा माणूस बोलण्यात पटाईत होता, एवढं मान्य करावं लागेल. कणाकणात कंपन असतं, कंपनात ऊर्जा असते, ऊर्जेची फ्रिक्वेन्सी जुळली की कण आपोआप आपलं घर ओळखतो, असं सकाळपासून तो सांगत होता आणि दहावी नापास पोरंही मान डोलावत होती. आता तो प्रेमानं हसला.

"काच देवाच्या हाताखालून गेली, माय. देव काय अशुद्ध लिहील?"

मांडव हसून कोसळला. कुणीतरी जयजयकार केला. काच तर सांधलीच, वर शुद्धलेखनही सुधारलं, म्हणजे चमत्कार दुप्पट झाला. मास्तरीणबाईंची कशी जिरली ते लोक एकमेकांना सांगायला लागले.

योगिनी पुन्हा काचेकडे वळली, फक्त तोंड लपवायला म्हणून, आणि तेव्हा तिला उजव्या खालच्या कोपऱ्यात, हळदकुंकवाच्या बोटांखाली, नखाएवढी अक्षरं दिसली. बजरंग रेडियम, सेलू. खाली मोबाईल नंबर. कपडा ओढणाऱ्यांनी, हळद लावणाऱ्यांनी, रांगेत दोन-दोन तास उभ्या राहिलेल्यांनी, कुणीच तो वाचला नव्हता. तिनं नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडचा बजरंग मोकळा माणूस निघाला. आशीर्वादची काच म्हणताच त्याला आठवली. नांदेडचा एक काच बसवणारा परवा लाकडी पेटीत मोठ्या गाडीची मागची काच घेऊन आला होता. अक्षरं आताच लावून द्या, तिकडं गेल्यावर कुणाला दिसायला नको म्हणाला. काच रात्रीतून चिकटवायची आणि मग मसाला वाळेपर्यंत दिवसभर गाडीला हात लावायचा नाही, असंही तो फोनवर कुणालातरी बजावत होता.

"चिठ्ठीवर शि ऱ्हस्व होता बगा," बजरंग म्हणाला. "म्या दीर्घ केला. चुकीचं लिवून खाली सोताचं नाव कसं टाकावं?"

एवढं झाल्यावर गावानं बाबांची गचांडी धरायला हवी होती. गावानं योगिनीला घेरलं. फोनात कोण बोललं हे कुणाला दिसलं का, असं बाबांनी विचारलं, आणि लोकांना तो मुद्दा फारच पटला. भगवानराव पुढं आले, बाईंची बदली कुठं करायची ते आपण बघू म्हणाले. ज्या पोरांनी पेटी खांद्यावरून नेली होती ती सगळ्यात जास्त चिडली होती, कारण आपण खांद्यावर काय वाहिलं हे त्यांना नुकतंच कळलं होतं. एकानं योगिनीच्या हातावर फटका मारला आणि मोबाईल खाली पडला. बाहेर काढा बाईला, असा गलका झाला.

त्या गलक्यात बायनाबाई उठली. पोरीला कडेवर घेऊन, रांगेतून वाट काढत ती थेट बाबांसमोर आली. लोकांना वाटलं पाया पडायला आली, म्हणून त्यांनी जागा दिली.

"बाबा, दाना न् दाना बसला म्हनलाव ना तुमी? एक कमी असता तर भोक राह्यलं असतं म्हनलाव?"

बाबांनी मान हलवली. एकही कमी नाही, माय.

तिनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि तळहात पुढं केला. तळहातावर काचेचा एक दाणा होता, हरभऱ्याएवढा, हिरवट. त्या दिवशी वेचताना तिनं प्रसाद म्हणून लपवला होता. तीन दिवस तिला झोप नव्हती. आपल्या चोरीपायी काचेला भोक पडेल, बाबांचा शब्द खोटा होईल, पाप लागेल. सकाळी काच अख्खी निघाली तेव्हा तिला इतका आनंद झाला की पुढचा विचार सुचलाच नाही. तो आता सुचला होता.

"ह्यो माझ्याजवळ हाय," बायनाबाई म्हणाली. "मंग ह्याच्या जागी तुमी काय बसवलंव?"

देव एक दाणा नवा घडवू शकतो, असं म्हणायला बाबांनी तोंड उघडलं असावं, पण समोरची माणसं काचेकडे बघत होती, भोक शोधत. चारशे माणसं एका काचेत भोक शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. बायनाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती तिथंच खाली बसली आणि ज्या दातांनी पदर सोडला त्याच दातांनी काळ्या कापडाची गाठ सोडायला लागली. कामट्या निघाल्या. थोड्या वेळानं बोटांत रंग आला आणि अर्पिता मोठ्यानं रडली. योगिनीला ते रडणं ऐकून हायसं वाटलं.

परभणीला जायला भगवानरावांचं कासव समोर उभं होतं. ते कुणी पुढं केलं नाही. दुधाची गाडी निघाली होती, तिच्यातून तिघी गेल्या. दुपारी ऑपरेशन झालं, हाडात दोन तारा घातल्या. आणखी चार तास गेले असते तर हात कायमचा वाळला असता, असं डॉक्टरांनी बायनाबाईला सांगितलं. ती दाणा मुठीत धरून बसली होती.

नागनाथबाबा त्याच संध्याकाळी भगवानरावांच्या कासवातून निघून गेले, नव्या काचेतून मागे वळून न बघता. भगवानराव आता सांगतात की आपलीही फसवणूक झाली. गावात अजून काही माणसं आहेत, ती म्हणतात की बाबा खरे होते, म्हातारीच्या चोरीनं विघ्न आणलं. योगिनीच्या बदलीसाठी केलेला अर्ज तालुक्याला पडून आहे.

तिला त्याची फिकीर नाही. तिनं तो दाणा बायनाबाईकडून मागून घेतला आणि वर्गात टेबलावर ठेवला. गाडीची मागची काच मुद्दाम अशी करतात, तिनं मुलांना सांगितलं. भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची आणि हवेचा झोत मारून झटकन थंड करायची, म्हणजे फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, दाणे होतात, आणि माणूस कापला जात नाही. एकदा दाणे झाले की ती जगात कुणालाच जोडता येत नाही, बनवणाऱ्यालासुद्धा. ती बदलायची. नवी येते, पेटीतून येते, चिकटवायची, मसाला वाळू द्यायचा. तीन दिवस चमत्काराला लागले नव्हते, पेटी यायला आणि मसाला वाळायला लागले होते.

तारा निघाल्या, तरी अर्पिताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट अजून नीट जुळत नाहीत. डॉक्टर म्हणतात जुळतील, महिने लागतील. खडू सुटतो, ती उचलते, पुन्हा धरते. फळ्यावर तिनं वाकडातिकडा आशीर्वाद लिहिला, दीर्घ शी काढून.

गाडीची काच गेली तर दुसरी बसवता येते. लेकराचा हात गेला तर कुठल्याही पेटीतून दुसरा येत नाही. म्हणून ज्या दारात डॉक्टरांची पट्टी फेकायला सांगतात, त्या दारात लेकराला नेऊ नका. आणि कुणी झाकलेलं काही दाखवून हात जोडा म्हणालं, तर आधी जवळ जा आणि कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा.