चालता बाप

बापाच्या मनगटावरची दोन बोटं तिनं पूर्ण मिनिटभर हलवली नाहीत. एकशे बारा ठोके.

"घोडा आहे अजून," बाप म्हणाला. चाळीस वर्षं पोस्टमन म्हणून पायपीट केलेला माणूस. लेक येणार म्हणून आज फाटकापर्यंत सामोरा आला होता, आणि अजून धापा टाकत होता. सुजलेल्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटले होते.

ती हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स होती. हृदय थकून मागे पडलं की शरीर घाबरून त्याच्यावर चाबूक ओढत राहतं आणि त्या चाबकानंच ते लवकर संपतं, हे ती रोज कुणाच्या ना कुणाच्या नातेवाइकांना समजावून सांगे. बापाची गोळी तो चाबूक आवरणारी होती. पण दर महिन्याच्या भेटीत ठोके असेच धावताना सापडत. मग ती डॉक्टरांना फोन करी आणि तिच्या शब्दावर ते गोळी वाढवत. दोनदा वाढली होती.

"आज परत वाढवून घेते," स्वयंपाकघरात येऊन ती आईला म्हणाली.

"नको गं बाई! मागच्या वेळी तू गेल्यावर गोळी घेतली नि चार दिवस उठले नाहीत. न्हाणीत पडले."

"गेल्यावर घेतली म्हणजे?"

आईनं आधी दाराकडे पाहिलं. "तू यायच्या दोन दिवस आधी बंद करतात. गोळीनं गळून जातात ना. म्हणतात, पोरगी दिवसभर आजारी माणसंच बघते, घरी तरी बाप चालता दिसू दे."

गोळी बंद म्हणून ठोके धावत होते, आणि ते धावतात म्हणून ती गोळी वाढवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साऱ्या वॉर्डाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्या भेटीच तिच्या बापाला मरणाकडे ढकलत होत्या. तिला स्वतःची चीड आली, आणि त्याचीही.

बाहेर तो बूट चढवून खुर्चीच्या कडेला बसला होता. "चल, बस स्टॉपपर्यंत सोडतो."

तिनं खाली बसून त्याचा एक बूट काढला. "मी रजा काढतेय. तीन आठवडे इथंच राहणार."

"कशाला? मी ठणठणीत आहे."

"डॉक्टरांना खरं सांगायचं. गोळी पुन्हा थोडी थोडी सुरू करायची, माझ्यासमोर."

त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई दारात आली नाही.

"म्हणजे तू मला अंथरुणात बघणार," तो म्हणाला.

"बघणार."

दुसरा पाय त्यानं बुटासकट खुर्चीखाली ओढून घेतला.