कपलरवरचा बिबा

शनिवारी दुपारी घर चिडीचूप होतं. मयुरी दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेऊन नुकतीच झोपली होती आणि मी दारात वही उघडून बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्याचं झाकण टणकन वाजलं. सासूबाईंनी सुपारी काढली असेल, म्हणून मी मान वर केली नाही.

अंगणात बिघाड सांगणारं मशीन शेजारी ठेवून पत्रूभाऊ मेकॅनिक आमच्या गाडीच्या बोनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा, तेच धक्के. सोमवारी मयुरीला रक्त चढवायला चंद्रपूरला न्यायचं होतं. सहा वर्षांचं लेकरू, सिकलसेल. तारीख चुकवून चालत नाही. मूल गाव सोडलं की रस्ता जंगलाचा. तिथं गाडी बंद पडली तर वाघ भेटेल, मेकॅनिक नाही. नवरा सिरोंच्याहून फोनवर सांगतो, टेन्शन घेऊ नको. मी नाही तर कोण घेणार?

"वहिनी, मशीन तेच सांगून राह्यली. कॅमशाफ्टच्या वाल्वचं सर्किट."

"वाल्व त बदलला न तुम्ही?"

"बदलला."

"ऑइल?"

"तेबी बदललं."

"आता काय, गाडीच बदलू?"

पत्रूभाऊ हसले. मला हसू येईना. त्यांनी वाल्वच्या कपलरमागच्या, त्या प्लास्टिकच्या जोडामागच्या, वायरीला मीटरचे चिमटे लावले. आकडा आला. "करंट त येते इथपर्यंत. मंग जाते कुठी?"

एवढ्यात सासूबाई आल्या. हातात जाड तारेत ओवलेला ताजा बिबा, लिंबू, मिरच्या. कुणाकडे न बघता त्या सरळ इंजिनावर वाकल्या आणि कपलरच्या वायरीला बांधलेला जुना बिबा त्यांनी हिसका देऊन ओढला.

मीटरचा आकडा शून्यावर.

मी पत्रूभाऊंकडे बघितलं, पत्रूभाऊंनी मीटरकडे.

"हे तुमाले दिसलं नाई?"

"दिसलं न. दोन्ही खेपेले सोडला, काम झालं का परत तिथीच बांधला. घरच्यायची श्रद्धा, आपन काऊन हात लावा?"

मी हातातली वही कपाळावर मारून घेतली. "इंजिनात कोनी बिबा बांधते का हो, आई?"

"समोर बांधला होता त तू काढून फेकला," सासूबाई म्हणाल्या. "मंग आत बांधला. मयुरीनंच बोनेटचा खटका ओढून देला मले. आन् मी का गाडीसाठी बांधून राह्यली? पोरगी बसते तिच्यात."

फेकला तर मीच होता.

पत्रूभाऊंनी बिब्याच्या ओढीनं आतून तुटत आलेली वायर कापली, नवीन पिन बसवली, वायर हलवून हलवून बघितली. आकडा परत आला आणि जागचा हलला नाही. गाडी चालू केली, दिवा विझलेलाच राहिला. ताजा बिबा मीच समोर नंबरप्लेटखाली बांधला. सासूबाईंनी गाठ दोनदा तपासली.

गाडीच्या आवाजानं मयुरी उठली होती. लंगडत आली आणि त्या मशीनजवळ उकिडवी बसली.

"मामा, हे काय सांगते?"

"गाडीचं कुठी बिघडलं ते. आता काहीच नाई म्हनते, पाह्य."

तिनं मशीनची लोंबती वायर उचलली, टोक हळूच आपल्या सुजल्या गुडघ्याला लावलं, आणि पडद्याकडे बघत बसली. मग माझ्याकडे.

"आई, माझी कोनती वायर तुटली?"