नाकतोड्याचा पाय

दर रविवारी सकाळी ही इमारतीमागच्या गवतात मुलांना नाकतोडे दाखवायची. मी वर खिडकीत पुस्तक घेऊन बसायचो. ती खालून ये म्हणून खुणावायची आणि मी पानात डोकं घालायचो. मुलांपुढे माझी बोबडी वळते.

ही गेली. पंधरवड्यानंतर शेजारच्या चिमणीने जिन्यात गाठून विचारलं, "आजोबा, रविवारी येऊ ना?" नाही म्हटलं असतं, तर हिचं तेवढं उरलेलंही संपलं असतं. दोन दिवस पुस्तकं चाळली, भिंग घेतलं आणि खाली उतरलो. चार मुलं आली होती.

"नाकतोड्याचे कान कुठे असतात?"

"डोक्याला. अजून कुठे?" बोक्या म्हणाला.

"पोटाला. पंखाखाली."

"मग पोटात कावळे ओरडले की आधी त्यालाच ऐकू येत असणार," चिमणी म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. जमतंय असं वाटलं, आणि तिथेच चुकलो. कान दाखवायला म्हणून एक नाकतोडा मागच्या पायाला धरून उचलला. त्याने हिसका दिला. तो गवतात पडला आणि पाय माझ्या चिमटीत राहिला.

"आजी कधी हात लावायच्या नाहीत," चिमणी हळूच म्हणाली. "ऊन तोंडावर घेऊन बसायचं, म्हणजे आपली सावली त्याच्यावर पडत नाही. हलायचं नाही. मग तो आपल्याला विसरतो आणि खायला लागतो."

हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. खाली मात्र मी कधी आलो नव्हतो.

"पाय परत येईल ना?" बोक्याने विचारलं.

हे मात्र पुस्तकात होतं. "नाही," मी म्हणालो. "उडीचा पाय परत येत नाही."

मुलं एकेक करून निघून गेली.

पुढच्या रविवारी दार उघडं ठेवून बसलो. दहा वाजले तरी कोणी आलं नाही. मग भिंग न घेता एकटाच उतरलो आणि ऊन तोंडावर घेऊन गवतात बसलो. गुडघे कुरकुरले, पण हललो नाही. बऱ्याच वेळाने एक नाकतोडा समोरच्या पात्यावर चढला आणि कडेने कुरतडू लागला. त्याचे दोन्ही मागचे पाय शाबूत होते. म्हणजे तो हा नव्हे.

तो खात होता. कुणाला तरी खुणावून बोलवावं, म्हणून मी वर खिडकीकडे पाहिलं.