टरफलांचं वाण

राधाकृष्ण दहातोंडे यांनी आयुष्यात बायकोला एकच वचन दिलं होतं, आणि तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. लग्न लागून वऱ्हाड शेवगावला परतत होतं. फाट्यावरच्या खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि नव्या नवरीची मुंडावळ तुटली. तेव्हा नवरदेव म्हणाले होते, "एक दिवस तुला स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून फिरवीन." तशी नवरी हसली होती. नंतर एकोणतीस वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर इमानेइतबारे ऊस मोजला, निवृत्त झाले, आणि पुण्याहून एक लाल टर्बो पेट्रोल गाडी आणली. जुनी होती, पण लाल होती.

विजयमालाबाई पहिल्याच दिवशी नटूनथटून पुढे बसल्या. गाडी थंडीतापानं फणफणल्यासारखी थरथरायला लागली आणि भर चौकात बंद पडली. मागे एसटी, तिच्यामागे उसाचे दोन ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचे हॉर्न एकाच सुरात. विजयमालाबाई खाली उतरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "हिची थरथर थांबली का सांगा. मग बसते." आणि रिक्षा करून घरी गेल्या.

राधाकृष्णांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी गाडी ढकलत कानिफनाथच्या गॅरेजवर नेली.

कानिफनाथ हा शेवगावातला असा मिस्त्री होता, की इंजिन उघडल्यावर त्याला आनंद लपवता यायचा नाही. त्याने बॅटरीचा उजेड आत पाडला. व्हॉल्वच्या मानेवर काळीकुट्ट ढेकळं बसली होती.

"बगा नाना. साध्या गाडीत पेट्रोल या व्हॉल्ववरून जातं, जाता जाता त्याला धुतं. हिच्या इंजिनात पेट्रोल थेट आत फवारत्यात. व्हॉल्वला आंघोळच न्हाई! वरनं ऑईलची वाफ बसती आन् तिचा कोळसा व्हतो. श्वास कोंडलाय गाडीचा."

"मग घास की तारेच्या ब्रशनं."

"ओरखडं पडत्याल. याला एकच औषध. आक्रोडाच्या टरफलांचा रवा करायचा आन् कंप्रेसरच्या हवेनं त्याच्यावर मारायचा. कार्बन निघतो, लोखंडाला खरचटत न्हाई. मोबाईलवर धा येळा बगितलंय म्या."

काट्यावर उभं राहून राधाकृष्णांनी नाना तऱ्हेच्या थापा पकडल्या होत्या. ही थाप नव्हती, हीच पंचाईत होती.

आधी घरचे उपाय झाले. शेंगदाण्याची टरफलं शेवगावात पोत्यानं मिळतात म्हणून ती मारून पाहिली. गॅरेजचं खळं झालं, कार्बन जागचा हलला नाही. मग कानिफनाथने मोबाईलवरून अक्रोडाचा रवा मागवला. पार्सलमधून तोंडाला चोळायची ट्यूब निघाली. ती त्याच्या बायकोने, मोनिकाने, लावली; तिचा चेहरा उजळला, व्हॉल्व काळाच राहिला. शेवटी राधाकृष्ण एसटीने नगरला गेले आणि बाजारातून दहा किलो अख्खे अक्रोड घेऊन आले. दुकानदार म्हणाला, सोललेला मगज न्या, बरा पडतो. राधाकृष्ण म्हणाले, मगज नको, मला टरफलंच हवीत. दुकानदाराने पुढे वाद घातला नाही.

"एवढे आक्रोड खायचे कुणी?" विजयमालाबाईंनी पोत्यात डोकावून विचारलं, आणि त्यांना स्वतःलाच तोड सुचली. संक्रांत दोन दिवसांवर होती. त्यांनी चाळीस बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि प्रत्येकीला पाव किलो अक्रोडांचं वाण दिलं. दरवर्षी साबणदाण्या आणि प्लॅस्टिकचे डबे घेऊन कंटाळलेल्या बायका हरखून गेल्या. बायका निघाल्या तेव्हा विजयमालाबाई सहज बोलून गेल्या, "खाऊन झाले का टरफलं तेवढी परत आणून द्या गं."

ओसरीतल्या बायका उंबऱ्यावरच थबकल्या.

"वाण परत मागती व्हय गं?" शेजारच्या जयमालावहिनी म्हणाल्या. या बाईंचा शब्द गल्लीत कायद्यासारखा चालायचा. "एकदा दिलं ते दिलं. टरफल आसू न्हाईतर सोनं. परत घेतलं तर घराला चांगलं नसतं."

दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण स्वतः पिशवी घेऊन दारोदार फिरले. त्यांना चाळीस घरी चहा मिळाला आणि एकही टरफल मिळालं नाही. जयमालावहिनींनी तर दारातूनच सुनावलं, "भाऊजी, वाण बाईनं बाईला द्यायचं आस्तं. गड्यानं त्यात पडू न्हाई."

तोडगाही शेवटी त्याच वहिनींनी काढला. वाण परत करता येत नाही, पण नवं देता येतं. तेव्हा प्रत्येकीने आपापल्या घरी हळदीकुंकू करावं, बाकीच्या बायकांना चमचे-वाट्या द्याव्यात, आणि विजयमालाला टरफलांचं वाण द्यावं. मुदत रथसप्तमीपर्यंत. त्यानंतर वाण चालत नाही.

यंदा रथसप्तमी संक्रांतीनंतर अवघ्या अकरा दिवसांवर आली होती. विजयमालाबाई रोज चार-चार घरी जाऊ लागल्या. तिळगुळाने दात दुखले, मसाला दुधाने पोट बिघडलं, आणि कपाळावर कुंकवाचा असा थर चढला की तोही कानिफनाथकडून काढून घ्यावा लागतो की काय असं वाटायला लागलं. घरी राधाकृष्ण तराजू घेऊन बसलेले असायचे. प्रत्येक पुडी मोजायची, टरफलाला चिकटलेला मगज सुईने काढून खायचा, आणि पुन्हा मोजायची. रथसप्तमीच्या संध्याकाळी साडेचार किलो भरली. त्यांना एकोणतीस वर्षांत कुठल्या वजनाचा एवढा आनंद झाला नव्हता.

आता दळायचं कुठे? मिक्सरचं पातं पहिल्याच मुठीला तुटलं. गिरणीवाल्याने हात जोडले. तेव्हा कानिफनाथची आई, गोजरबाई, गॅरेजमागच्या उन्हातून उठली आणि तिने जात्यावरचं पोतं काढलं.

"लापशीचा करू का शिऱ्याचा?" तिने मुलाला विचारलं.

"लापशीपरीस बारीक, आई."

दोन दिवस म्हातारीने अक्रोडाची टरफलं दळली. विजयमालाबाई समोर बसून खुंट्याला हात लावायच्या आणि चाळीस घरच्या गमती सांगायच्या: कुणाचं दूध करपलं, कुणी मागच्या वर्षीच्याच वाट्या पुन्हा वाटल्या. गोजरबाई हसत होती, दळत होती. मधेच तिने विचारलं, "आन् आक्रोड लागतो कसा गं चवीला?"

विजयमालाबाईंचा हात खुंट्यावरच थांबला. चाळीस घरं झाली होती आणि त्यातल्या एकाही घरी गोजरबाईला बोलावणं नव्हतं. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं तिला हळदीकुंकवाला कुणीच बोलावलं नव्हतं. विजयमालाबाईंनीही नाही. त्यांना लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत लाज वाटली. घरात एक अक्रोड उरला नव्हता. उरलासुरला मगज राधाकृष्णांनी सुईने खाल्ला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथने कंप्रेसर लावला. चाळीसच्या चाळीस बायका गॅरेजवर हजर होत्या, कारण प्रत्येकीचा त्यात वाटा होता. नळीतून रवा सुटला, आतून काळा धुरळा उठला, आणि तासाभराने व्हॉल्व नव्या भांड्यासारखे चमकायला लागले.

"त्यो मदला माज्या टरफलांनी निगाला," जयमालावहिनी म्हणाल्या. त्यावरून थोडी बाचाबाची झाली.

इंजिन जोडून झालं. गाडी सुरू केली आणि कानिफनाथने बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला. एक थेंब सांडला नाही. थरथर गेली होती.

राधाकृष्णांनी पुढची सीट रुमालाने झटकली, दार उघडलं, आणि दार धरून उभे राहिले. एवढं एकच दार उघडायचं राहिलं होतं त्यांच्या आयुष्यात.

विजयमालाबाई आल्या. त्या दारापाशी थांबल्या नाहीत. गॅरेजच्या मागे गेल्या, गोजरबाईला हाताला धरून घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर बसवलं. अंगावर टरफलांचा भुसा होता तो पदराने झटकला. मग स्वतः मागचं दार उघडून मागे बसल्या.

"आगं, ती तुजी जागा!" गोजरबाई उठायला लागली. "मी बसते की मागं."

"बसा मावशी. वाण दिलंय ते. परत घेत न्हाईत."

सगळ्यांनी जयमालावहिनींकडे पाहिलं. कायदा त्यांचाच होता.

राधाकृष्ण दार धरून तसेच उभे होते. त्यांना रडू आलं की राग आला, हे त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही. मग त्यांनी दार हळूच लावलं, म्हातारीचा पदर अडकत नाही ना ते पाहिलं, आणि वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसले.

"चालू हाय का बंद?" गोजरबाईने विचारलं.

"चालू हाय, मावशी." त्यांनी हात वर करून मधला आरसा थोडा फिरवला. आरशात विजयमालाबाई दिसल्या. कपाळभर कुंकू, खिडकीबाहेर नजर, आणि चेहऱ्यावर ट्रॉलीतल्या त्या दिवशी होतं तसलंच हसू. त्यांनी गिअर टाकला.

वाण परत घेता येत नसल्यामुळे आजही दहातोंडे नवराबायकोला भाजी आणायला जायचं झालं, तरी आधी गॅरेजवरून गोजरबाईला घ्यावं लागतं. ती पुढे बसते, विजयमालाबाई मागे. आणि एसटी अगदी पाठीशी येऊन हॉर्न वाजवायला लागली तरी राधाकृष्णांना ती दिसत नाही, कारण आरसा त्यांनी अजून तसाच ठेवलाय.