मागचा डावा पाय

येरमाळ्याच्या उत्तरेश्वरनं वरातीसाठी घोडी आणली, तेव्हा तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पांढरीशुभ्र, अंगानं भरलेली. कानाशी ताशा कडाडला तरी बिथरायची नाही. त्याचं स्वतःचं बँडपथक होतं, तेव्हा एवढं त्यानं बघून घेतलं होतं. बघायचं राहिलं ते एकच. मागचा डावा पाय ती कुणाला उचलू देत नव्हती.

नालबंद हुसेनभाईनं बाकीचे पाय उरकले आणि त्या पायाला हात लावला, तशी लाथ त्याच्या कानाजवळून गेली. त्यानं हत्यारं पिशवीत भरली.

"हिला कुणीतरी पाय बांधून पाडलंय," तो उत्तरेश्वरच्या बायकोला म्हणाला. "पाय द्यायला शिकवा भाभी, मग बोलवा."

लग्नसराईत उत्तरेश्वर घरी सापडत नसे. घोडीचं दाणापाणी, लीद काढणं सगळं सत्यभामाकडंच होतं, तेव्हा हेही तिच्याकडं आलं. सकाळी खरारा करताना ती मानेवरून पाठीवर, पाठीवरून पुठ्ठ्यावर हात न्यायची. मांडीच्या खाली हात गेला की घोडीचं कातडं थरथरायचं. तिथंच ती हात थांबवायची आणि थरथर विरली की काढून घ्यायची. मग भिजवलेले हरभरे. असं करत हात घोट्यापर्यंत पोचला.

तेवढ्यात जळकोटची वरात ठरली.

"आशी कुरवाळत बसलीस तर आखाड लागंल, लग्नसराई सरंल," उत्तरेश्वर म्हणाला.

"लागू द्या. तिला घाई न्हाय."

दुपारी ती रानात गेलेली बघून त्यानं ताशेवाल्या बलभीमला बोलावलं आणि घोडीच्या पायात दावं अडकवलं. सत्यभामा परतली तेव्हा घोडी खांबाला रेलून धापा टाकत होती. पाय सोलवटला होता. उत्तरेश्वरच्या तळहाताची सालटं निघाली होती.

"दावं सोडा," ती म्हणाली. आधी घोडीची जखम धुऊन हळद लावली, मग नवऱ्याचा हात बघितला.

जळकोटला दुसऱ्याची घोडी गेली. इकडं ही घोडी आता मानेलाही हात लावू देत नव्हती. सत्यभामाला राग आला होता, पण तो घेऊन घोडीजवळ जाता येत नव्हतं. तिनं पुन्हा मानेपासून सुरुवात केली.

ऊन तापत गेलं, जखमेवर खपली धरली. एका सकाळी तिनं घोट्याला बोटं लावली आणि घोडीनं अंगाचा भार उजवीकडं टाकून पाय सैल सोडला. सत्यभामानं तो उचलला, खुरातले खडे आकड्यानं काढले आणि पाय टाकून न देता हातानं जमिनीवर ठेवला. रोज तसंच केलं.

हुसेनभाई पुन्हा आला. पहिल्या ठोक्याला घोडीनं पाय ओढून घेतला. सत्यभामानं ओढू दिला, थोडं थांबून परत मागितला. खिळे नेहमीपेक्षा कमी बसले, पण नाल बसला.

"आता चालंल रस्त्यावर," हुसेनभाई म्हणाला.

तो गेल्यावर उत्तरेश्वरनं वाकून पायाला हात लावून बघितला. घोडीनं कान मागं पाडले. तो चटकन बाजूला झाला.

"मला न्हाय देत व्हय?"

"देईल की. उद्यापासून खरारा तुमी करा."

सत्यभामानं बादलीतलं उरलेलं पाणी घोडीपुढं सरकवलं आणि ती भाकरी थापायला आत गेली.