चार मजल्यांच्या विहिरीत दोन बेटं

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. सीताबर्डीत, व्हरायटी चौकामागच्या गल्लीत एक चार मजली इमारत आहे, तिच्या पोटात मी राहते. माझ्या घराला खिडकी नाही. चारी बाजूंनी भिंत, वर अंधार, खाली अंधार. कोरड्या विहिरीत बादली सोडावी तशी मी सोडलेली आहे. ऊन कसे असते ते मला ठाऊक नाही. पावसाळा आला हे छत्र्यांतून टपकणाऱ्या पाण्यावरून कळते, आणि संत्र्यांचा हंगाम आला हे पिशव्यांच्या वासावरून.

कारखान्यात लोखंड ठोकून ठोकून मला घडवले. आत सागवानी फळ्या बसवल्या, एक आरसा लावला, समोर जाळीचे सरकते दार. दाराशेजारी पाटी लावली : 'फक्त चार माणसे'. पहिल्या दिवशी माझ्यासमोर नारळ फुटला. तेव्हा मौद्याहून, नरखेडहून खरेदीला आलेली माणसे वर काही काम नसतानाही माझ्यात बसायला यायची. लेकरे म्हणायची, "बाबा, अजून एकदा!" मला किती मिरवावेसे वाटे!

मला एक भाऊ आहे. माझ्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनांची चळत लटकते, तो माझा भाऊ. मी वर गेले की तो खाली येतो, मी खाली आले की तो वर जातो. त्याच्यावाचून मी हलू शकत नाही आणि माझ्यावाचून तो. एवढ्या जन्मात आमची भेट म्हणजे मधल्या मजल्याशी, ओझरती. बोलायला सवडच नाही.

पुढे नवे बाजार निघाले, मेट्रो आली. माझा आरसा तडकला. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या रंगल्या. घंटीची तार उंदरांनी कुरतडली. तेलपाण्याची गोष्ट निघाली की इमारतवाले म्हणत, "चालून राहिली ना? मग राहू द्या." चालते म्हणून माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

चौथ्या मजल्यावर दुर्गेशचे ऑफिस आहे. परदेशात राहायला जाणाऱ्यांना तो परवाने मिळवून देतो. मी चार मजल्यांपलीकडे कधी गेले नाही, पण त्याच्या गिऱ्हाइकांच्या तोंडून मी अर्धे जग ऐकले आहे.

यंदा भाद्रपदात त्याच्याकडे मायलेकी येऊ लागल्या. आई मैनाबाई, विणकराच्या घरातली, नवरा गेलेला. लेक ऋतुजा, तीस-पस्तिशीची. ऋतुजा घरी बसून कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या एका कंपनीचे काम करी. तिथे दिवस उजाडला की इथे रात्र. म्हणून ती रात्रभर जागी आणि दिवसभर अंथरुणात. कित्येक वर्षे असेच. डोळे खोल गेले होते, डॉक्टरांनी बजावले होते की हे थांबवा. पण तिच्या कामाला इथे दिवसपाळी नव्हती आणि अमेरिकेचे दार तिला उघडत नव्हते. तेव्हा अमेरिकेचा दिवस तोच आपला दिवस, अशा जागी जाऊन राहायचे तिने ठरवले. शोधता शोधता दोन बेटे हाती उरली : जमैका आणि बार्बाडोस.

त्या दिवशी दुर्गेश त्यांच्यासोबत खाली येत समजावत होता.

"सीधी बात हाय, मॅडम. जमैकात तिथल्या कंपनीची नवी नोकरी. तीन वर्षांचा परवाना, पण तुमच्या केसमध्ये एकटीचा. बार्बाडोसले तुमची हीच नोकरी, फक्त घर तिथं. परवाना एका वर्षाचा, मंग पुन्हा अर्ज. पण आई तुमच्यावर अवलंबून हाये असं दाखवलं, तर संग नेता येते."

"दोन्ही अर्ज एकदमच केले तर?" ऋतुजाने विचारले.

मैनाबाई म्हणाली, "लुगडं घेऊन राहिली का वं, दोन्ही बांधून द्या म्हणायले?"

दुर्गेश हसला. ऋतुजा हसली नाही. शुक्रवारी येऊन एक नाव सांगायचे ठरले.

शुक्रवारी दोघी माझ्यात चढल्या. ऋतुजाने जाळी ओढली, बटण दाबले. दुसरा मजला ओलांडला आणि वीज गेली. माझा ब्रेक गपकन बसला. मी अधांतरी थांबले. ना दुसरा, ना तिसरा. समोर नुसती विटांची भिंत.

"घाबरू नको, आई."

"मी कुठं घाबरून राहिली? तूच माझा हात मोडशील, सोड!"

ऋतुजाने घंटी दाबली. घंटी मुकी. मग तिने दुर्गेशला फोन लावला.

"मॅडम, वरच्या मशीनच्या खोलीची चाबी धोंडबाजवळ हाय, अन् धोंडबा चहा प्यायले गेला," दुर्गेश म्हणाला. धोंडबा म्हणजे आमच्या इमारतीचा रखवालदार.

"कुठे गेला चहा प्यायला?"

"तेच तर शोधून राहिलो ना!"

उकडत होते. दोघी माझ्या फळ्यांना पाठ टेकून खाली बसल्या. लेकीचा श्वास जोरात चालला आहे हे ऐकून मैनाबाई गुणगुणू लागली. आमच्या विदर्भात या दिवसांत पोरी घरोघरी भुलाबाईची मातीची मूर्ती बसवून तिची गाणी म्हणतात, सासरची, माहेरची. मैनाबाईने त्याच चालीवर आपलेच शब्द जुळवले :

"एक बेट म्हणे, ये वं ये,
मायले मागं ठेवून ये.
एक बेट म्हणे, दोघी या,
वरीस सरलं की चालत्या व्हा.
दोन बेटांच्या दोन गं सासवा,
कोणाच्या दारी घेऊ विसावा?"

ऋतुजा खुदकन हसली. मग आईकडे वळली.

"बार्बाडोसच सांगते, आई. तुले इथं एकटी कशी ठेवू?"

मैनाबाईने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "मले नाही यायचं तुझ्यासंग."

"माहीत होतं मले. माझी अडचण नको म्हणून म्हणून राहिली तू."

"तेच तर तुले समजत नाही वं! तुझ्यासाठी नाही, मी माझ्यासाठी म्हणून राहिली." अंधारात ती लेकीजवळ सरकली. "तू दिवसा झोपते. एवढी वर्षं मी घरात कुकरची शिट्टी वाजू देली नाही. वाजाच्या आधी गॅस बंद करते. शेजारची माया दारात आली की तोंडावर बोट ठेवते. भुलाबाई बसवली नाही, पोरी गातील अन् तू उठशील म्हणून. आता त्या बेटावरबी तू काम करशील, मी चूप बसीन. बोलू कोणासंग? समुद्रासंग?"

"मंग सांगितलं काहून नाही कधी?"

"तू घरासाठी रात रात जागणार, अन् मी म्हणू की तुझ्या झोपीचा मले तरास होते? कोणत्या तोंडानं?"

मित्रांनो, मला त्या क्षणी वाटले, माझे दार उघडावे, भिंत फुटावी, दोघींना वारा लागावा. पण वीज नसली की मी नुसती पेटी. माझा भाऊ अगदी शेजारी लटकत होता, तोही ऐकत होता.

ऋतुजा हळूच म्हणाली, "मी पण जमैकाच पाहून राहिली होती, आई. तिथं ऑफिस हाय, सोबतीले माणसं हायेत. या खोलीतून त्या खोलीत नाही जावं लागणार मले. पण मायले टाकून गेली म्हणतील."

"कोण म्हणतील?"

"सगळे."

"कुठं हायेत सगळे? चार माणसांची जागा, अन् आपण दोघीच तर आहो."

यावर ऋतुजा रडली. मैनाबाईने तिला रडू दिले, पाठीवर हात फिरवत राहिली. मघाशी सोडवून घेतलेला हात तिनेच पुन्हा लेकीच्या हातात दिला.

वरून धोंडबाची हाक आली. "बसूनच राहा गा, हलू नका!" त्याने यंत्राचे चाक हाताने फिरवायला घेतले. बोट बोट मी वर सरकले. कण्हत, कुरकुरत तिसऱ्या मजल्याच्या उंबऱ्याला लागले आणि जाळी उघडली. समोर दुर्गेश, घामाघूम.

"सॉरी मॅडम, लय त्रास झाला. बार्बाडोसच ना?"

ऋतुजाने आईकडे पाहिले. मैनाबाईने मान हलवली नाही. बोल, तूच बोल, असे तिचे डोळे म्हणत होते.

"जमैका," ऋतुजा म्हणाली. "एकटीचा."

दुर्गेश गोंधळला. "अन् काकू?"

"काकूच्या घरी भुलाबाई हाय," मैनाबाई म्हणाली. "तुह्या बायकोले धाड गाणे म्हणायले. अन् तिले सांग, जोरानं म्हण."

दोघी जिन्याने वर गेल्या. त्यांच्या पायांचा आवाज मी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. माझ्या चाकांना वेळेवर तेल द्या, घंटीची तार जोडा. चालते आहे म्हणजे ठीक आहे, असे समजू नका. मी लोखंड आहे, भिंतींत राहणे हे माझे कामच आहे. पण तुमच्या घरातही कोणी तुमच्यासाठी आवाज न करता वर-खाली करत असेल. मायेने जाळी ओढून घेण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, तुला कोणत्या मजल्यावर उतरायचे आहे? आणि उत्तर येईपर्यंत बटण दाबू नका.